एकोणीस टक्क्यांचा गुडघा

एका माणसाचा गुडघा एकोणीस टक्के निकामी झाला आणि दुसऱ्याचा वीस टक्के, तर दोघांत फरक किती? कोणीही शहाणा माणूस म्हणेल, एका टक्क्याचा. पण भारतीय फौजेच्या पेन्शनीच्या हिशेबात हा फरक एका टक्क्याचा नाही. तो सगळे मिळण्याचा आणि काहीच न मिळण्याचा आहे. वीस टक्क्यांच्या वर गेला तो अपंगत्व पेन्शनीचा हक्कदार. एकोणिसावर अडकला तो धडधाकट. मग तो जिना चढताना कठडा धरतो की नाही, शेतात उकिडवा बसू शकतो की नाही, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

आम्ही हा विषय मुद्दाम घेत आहोत. सैनिकावर बोलायचे म्हटले की या देशात हार, तिरंगा आणि भाषणे यांचा पूर येतो. शहिदाच्या नावाने चौक होतो, फलक लागतो. पण जो मेला नाही, पंधरा-सतरा वर्षे पिठ्ठू वाहून गुडघे झिजवून गावी परतला, त्याच्या कागदाकडे पाहायला कोणाला सवड नसते. त्यातही तो भूमिहीन घरातला, बौद्धवाड्यातला, मातंग वस्तीतला, तांड्यावरचा असेल तर त्याच्या मागे ना वकील उभा असतो, ना ओळखीचा साहेब. म्हणून हा प्रश्न नुसता माजी सैनिकांच्या संघटनांचा नाही. तो आमचा, चळवळीचा प्रश्न आहे.

फौजेत गुडघा कसा जातो, हे आधी समजून घेऊ. गोळी लागूनच माणूस अधू होतो असे सिनेमात दाखवतात. प्रत्यक्षात गुडघ्याचा शत्रू रोजचे काम हाच असतो. पाठीवर वजन घेऊन पाच किलोमीटर धावणे, नऊ फुटांचा खंदक उडी मारून ओलांडणे, परेडच्या मैदानावर टाच आपटणे, डोंगरउतारावर गस्त घालणे, गाडीतून सामानासकट खाली उडी घेणे. एखाद्या दिवशी पाय वळतो, आतली गादी फाटते, लिगामेंट तुटते. एमआय रूममध्ये गोळी आणि मलम मिळते, चार दिवस आराम मिळतो, पुन्हा परेड. पुढे दहा वर्षांनी हाडावर हाड घासू लागते आणि डॉक्टर म्हणतात, गुडघ्याची झीज.

जवान हे दुखणे लपवतोही. लपवण्याला कारण आहे. वैद्यकीय श्रेणी खाली आली, म्हणजे जवानांच्या भाषेत माणूस ‘कॅटेगरी’ झाला, की बढती अडते, मुदतवाढ अडते, पलटणीत बोलणी बसतात. घरी चार तोंडे खाणारी असतात. म्हणून तो गुडघ्याला पट्टा बांधतो आणि धावतो. जितके प्रामाणिकपणे तो काम करतो, तितकी त्याच्या दुखण्याची नोंद कमी होते. आणि निवृत्तीच्या वेळी त्याच्यापुढे पहिला प्रश्न येतो तो नोंदीचाच.

निवृत्त होताना रिलीज मेडिकल बोर्ड बसते. हे बोर्ड मुख्यतः दोन गोष्टी ठरवते. पहिली, हे अपंगत्व फौजी सेवेमुळे झाले का, किंवा सेवेमुळे बळावले का? दुसरी, ते किती टक्के आहे? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले की दुसऱ्याला अर्थ उरत नाही. हा नकार इतका नेहमीचा आहे की त्याचे लघुरूपही झाले आहे, एनएएनए. म्हणजे सेवेमुळे झालेलेही नाही आणि सेवेमुळे बळावलेलेही नाही. चार अक्षरे लिहायला एक क्षण लागतो. ती पुसायला जवानाची दहा वर्षे कोर्टात जातात. बोर्डाच्या कागदावर कारण म्हणून एखादे ठराविक वाक्य असते, प्रकृतीचा दोष आहे, वयोमानाची झीज आहे, शांत ठाण्यावर सुरुवात झाली आहे. जणू शांत ठाण्यावर कोणी धावत नाही, उड्या मारत नाही, वजन उचलत नाही!

आणि बोर्डाने सेवेचा संबंध मान्य केलाच, तर दुसरे कुंपण टक्क्यांचे. ‘सहा ते दहा टक्के’, ‘अकरा ते चौदा टक्के’, ‘पंधरा ते एकोणीस टक्के’ असे आकडे बोर्डाच्या कागदांवर दिसतात. हिशेब करून पाहा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के रक्कम मिळते आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. केंद्र सरकारच्या ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याची पद्धत आली. पन्नासच्या आत असेल तर पन्नास धरायचे, पन्नास ते पंचाहत्तर असेल तर पंचाहत्तर, त्यापुढे शंभर. सरकार म्हणे, ही सवलत फक्त वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलेल्यांना. मुदत भरून निवृत्त झालेल्यांना नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात हा भेद मोडून काढला. म्हणजे समजा, एका जवानाचे शेवटचे वेतन ४०,००० रुपये होते. वीस टक्के लिहिले असेल तर पन्नास धरून त्याला दरमहा ६,००० रुपये आणि त्यावर महागाई भत्ता. एकोणीस टक्के लिहिले असेल तर शून्य. डॉक्टरच्या पेनाची एक रेघ, आणि जन्मभराचे दरमहा सहा हजार!

आता कोणी म्हणेल, कुठेतरी रेघ ओढावीच लागते. मान्य. पण दुखऱ्या गुडघ्याचा एक टक्का मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. पंधरा आणि वीस यांतला फरक तपासणीच्या खोलीत डॉक्टरच्या अंदाजावर ठरतो. जिथे अंदाजच चालतो, तिथे अंदाजाचा फायदा कोणाला द्यायचा, हा न्यायाचा प्रश्न असतो. कायद्याने त्याचे उत्तर दिलेले आहे. १९८२ च्या हक्क नियमांत स्पष्ट होते की भरतीच्या वेळी दोष नोंदला नसेल तर माणूस धडधाकट आला असे धरायचे, पुराव्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे नाही आणि वाजवी शंका असेल तर फायदा त्याला द्यायचा. २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले. २०१४ साली सुखविंदर सिंग खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले. ज्या अपंगत्वामुळे माणसाला सेवेतून काढावे लागते, ते वीस टक्क्यांच्या वरचेच समजले पाहिजे, असे त्याने म्हटले. एका बाजूला म्हणायचे, तू फौजेच्या कामाचा राहिला नाहीस. दुसऱ्या बाजूला म्हणायचे, तुला फारसे काही झालेलेच नाही. ही दुटप्पी भाषा न्यायालयाला पटली नाही.

सगळेच निकाल सैनिकाच्या बाजूने लागले असे आम्ही सांगणार नाही. २०११ साली जुझार सिंग खटल्यात रजेवर असताना झालेल्या अपघाताचा सेवेशी संबंध नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणून रजेवरचा, खेळातला, ड्युटीबाहेरचा अपघात यांत वाद राहणार. पण ज्याचा गुडघा कामावरच गेला, त्यालाही न्यायालयाची पायरी चढावी लागते, ती कशासाठी? निकाल झाला की तो एका माणसापुरता पाळायचा आणि दुसऱ्याला पुन्हा त्याच रांगेत उभे करायचे, ही सरकारी रीत आहे. ज्याच्याकडे पैसा आणि धीर आहे तो लढतो. ज्याच्याकडे नाही तो ‘नशीब’ म्हणून गप्प बसतो. बाबासाहेबांनी आम्हाला नशीब या शब्दावर विश्वास ठेवायला शिकवलेले नाही.

पण आमचा मुद्दा याहून खोल आहे. टक्का मोजतात तो कशाचा? गुडघा किती वाकतो, सूज किती, हाडात अंतर किती राहिले, याचा. तो माणूस आता काय काम करून पोट भरणार आहे, हे त्या मोजणीत कुठे आहे? कर्नलसाहेब निवृत्त झाले की खुर्चीचे काम मिळते. घर लिफ्टचे असते. जवान पस्तीस-अडतीसाव्या वर्षी गावी येतो. शेत नाही, असले तर एखादा कोरडवाहू तुकडा. मग भात लावणीला वाकणे, खुरपणीला उकिडवे बसणे, विटा वाहणे, नाहीतर शहरात बँकेच्या किंवा एटीएमच्या दारात सिक्युरिटी म्हणून बारा-बारा तास उभे राहणे. यांतले कोणते काम खराब गुडघ्यावर होते? गावातला संडास खुर्चीचा नसतो. विहारात वंदनेला गुडघे टेकावे लागतात. जेवायला मांडी घालावी लागते. कमरेइतक्या खुर्चीवर जगणाऱ्याचा एकोणीस टक्के गुडघा आणि जमिनीलगत जगणाऱ्याचा एकोणीस टक्के गुडघा हे एकच दुखणे नव्हे.

हे आमच्या मनाचे तर्कट नाही. या देशाच्या कामगार कायद्याला हा विचार जुना आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात प्रश्नच असा विचारला जात असे की जखमेमुळे कमाईची क्षमता किती गेली? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालक म्हणत होता, हा अंशतः अपंग. न्यायालय म्हणाले, सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून या माणसाची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. किती साधा, किती माणुसकीचा विचार! हात किती गेला हे पाहिले नाही, जगणे किती गेले हे पाहिले. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ साली आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कष्टकऱ्याचे शरीर हीच त्याची पुंजी आहे आणि त्या पुंजीचा विमा ही दया नव्हे, हक्क आहे, हा त्यामागचा अर्थ. गिरणीतल्या सुताराला लागू होणारा हा अर्थ पलटणीतल्या शिपायाला का लागू होऊ नये?

परदेशातही हा प्रश्न आहे. अमेरिकेत माजी सैनिकांचे स्वतंत्र खाते आहे. तिथे गुडघा अंशात मोजतात. पंचेचाळीस अंशांपर्यंतच वाकत असेल तर दहा टक्के, तीस अंशांपर्यंतच वाकत असेल तर वीस, पंधरापर्यंतच वाकत असेल तर तीस. पाय पूर्ण सरळ होत नसेल तर त्याचे टक्के वेगळे, गुडघा डगमगत असेल तर त्याचे वेगळे. दहा टक्क्यांपासूनच पैसे सुरू होतात. १९९५ सालच्या एका निकालाने असेही ठरले की नुसते कोन मोजून भागत नाही, दुखणे उफाळते तेव्हा माणसाला काय करता येते हेही पाहिले पाहिजे. जखमेमुळे नोकरी टिकवणे अशक्य झाले, तर विशिष्ट अटींवर टक्के कमी असूनही शंभर टक्क्यांच्या दराने भरपाई देण्याची सोय आहे. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा असेल तर कौल सैनिकाला, हे तिथे कायद्यातच लिहिले आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे भरपाईचा दर हुद्द्यावर ठरत नाही. शिपायाचा वीस टक्के गुडघा आणि जनरलचा वीस टक्के गुडघा यांचा मूळ दर एकच.

म्हणून अमेरिकेत रामराज्य आहे असे कोणी समजू नये. तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ साली जाहीर केले की कृष्णवर्णीय माजी सैनिकांचे दावे इतरांच्या मानाने कमी प्रमाणात मंजूर झाले. नियम सर्वांना सारखे, कागद सारखे, तरी निकाल वेगळे. हे आम्हाला ओळखीचे वाटते की नाही? फरक इतकाच की त्यांनी वर्णवार हिशेब मांडला म्हणून भेद उघड झाला. आमच्याकडे मेडिकल बोर्डाच्या निकालांचा असा सामाजिक हिशेब लोकांसमोर मांडला जात नाही. जिथे मोजणीच नाही तिथे भेदभाव नाही असे म्हणणे फार सोपे असते.

आता आमच्याकडच्या हुद्द्याचा हिशेब पाहा. पाचव्या वेतन आयोगानंतर, १ जानेवारी १९९६ पासून, शंभर टक्के अपंगत्वाला अधिकाऱ्यास दरमहा २,६०० रुपये, जेसीओस १,९०० आणि जवानास १,५५० रुपये असा दर होता. पुढे सहाव्या आयोगानंतर वेतनाच्या तीस टक्क्यांची पद्धत आली. सातव्या आयोगाने पुन्हा ठराविक रक्कम सुचवली. अधिकाऱ्यास २७,०००, जेसीओस १७,००० आणि जवानास १२,०००. मोठी ओरड झाली, ते बाजूला पडले आणि वेतनाच्या टक्केवारीची पद्धत कायम राहिली. दोन्ही पद्धतींत सूत्र एकच. वरच्याचा गुडघा महाग, खालच्याचा स्वस्त. हुद्दा म्हणजे जात नव्हे, हे आम्हाला कळते. पगार हुद्द्याप्रमाणे असावा, यालाही आमची हरकत नाही. पण हाड, कूर्चा आणि वेदना यांना हुद्दा नसतो. मोडलेल्या शरीराचीही पायरीपायरीने किंमत लावणारी बुद्धी कोणत्या समाजव्यवस्थेत घडली, हे बाबासाहेबांच्या अनुयायाला सांगावे लागू नये. तिला त्यांनी श्रेणीबद्ध विषमता असे नाव दिलेले आहे.

सरकारची बाजूही ऐकून घेऊ. सरकार म्हणते, अपंगत्व पेन्शनीचा गैरफायदा घेतला जातो. रक्तदाब आणि मधुमेह दाखवून बडे लोक पेन्शन वाढवून घेतात. यात अजिबात तथ्य नाही असे नाही. २०२३ साली संसदेपुढे आलेल्या महालेखापालांच्या अहवालात दिसले की अपंगत्व पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या सुमारे दुप्पट आहे. आता सांगा, खंदक कोण उडतो? मोर्टारचे वजन कोण वाहतो? आणि अपंगत्व कोणाच्या पदरी जास्त पडते? याचा अर्थ अधिकारी आजारी नसतात असा नाही. अर्थ असा की ज्याला नियम वाचता येतात, ज्याचे बोर्डाशी बोलणे होऊ शकते, त्याला हक्क मिळतो. आणि ज्याला सही कुठे करायची एवढेच सांगितले जाते, त्याला एनएएनए मिळते. गैरफायदा वर होत असेल तर तो वर रोखा. त्याच्या नावाने खालच्या माणसाच्या गुडघ्यावर काठी कशाला?

पण घडले तेच. २१ सप्टेंबर २०२३ पासून संरक्षण मंत्रालयाने हक्कांचे नवे नियम आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी नवी मार्गदर्शिका लागू केली. ती त्या तारखेनंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी आहे. त्याआधी निवृत्त झालेल्यांचे दावे जुन्याच चौकटीत लढवले जातात, हे आमच्या वाचकांनी पक्के लक्षात ठेवावे. कारण ‘आता नियम बदलले’ असे सांगून जुन्या माणसालाही परत पाठवणारे महाभाग कमी नाहीत. आणखी एक खाच आहे. २००८ च्या नियमांत असे घातले आहे की सेवा सोडून पंधरा वर्षे उलटल्यावर दावा केला आणि तोवर सेवेची कागदपत्रे नष्ट झाली असतील, तर सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर. कागद ठेवायचे सरकारने, नष्ट करायचे सरकारने आणि पुरावा मागायचा गुडघेवाल्याकडे!

नागरी कायद्याचे दारही त्याला नीट उघडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या बऱ्याचशा लाभांसाठी चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. फौजेत वीस टक्के ठरलेला माणूस तिथे बसत नाही. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कोणाला काढू नये, असे संरक्षण आहे. ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने फौजेतील लढाऊ जवानांना त्यातून वगळले गेले. म्हणजे कचेरीतल्या कारकुनाचा पाय मोडला तर कायदा त्याच्या मागे उभा, आणि सीमेवरच्या शिपायाचा मोडला तर कायदा बाजूला.

यात भर म्हणून जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षे नोकरी, त्यातले पंचवीस टक्के पुढे कायम, बाकीचे घरी. त्यांना पेन्शन नाही आणि माजी सैनिक म्हणून दर्जाही नाही. अपंगत्व सेवेमुळे आले असे ठरले तर एकरकमी मदत, शंभर टक्क्यांना ४४ लाख, पंचाहत्तरला २५ लाख, पन्नासला १५ लाख. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून २०२७ च्या आरंभापर्यंत भरतात. गुडघ्याची गादी बाविसाव्या वर्षी फाटते आणि झीज पस्तिसाव्या वर्षी कळते. त्या वेळी हा पोरगा कोणत्या बोर्डापुढे उभा राहणार? वस्तीवस्तीतून पहाटे रस्त्यावर धावणारी आमची मुले पाहिली की आम्हाला अभिमान वाटतो, आणि काळजीही वाटते.

चळवळीने काय करावे, हा खरा सवाल आहे. थोडे मागे वळून पाहू. आमची पहिली अर्जविनंत्यांची लेखणी कोणाच्या हातात होती? पेन्शनर फौजींच्या. १८९२-९३ च्या सुमारास महारांची फौजभरती बंद झाली, तेव्हा तिच्याविरुद्ध अर्ज लिहिणारे गोपाळबाबा वलंगकर हे १८८६ साली फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ फौजेच्या शाळेत शिक्षक होते. दापोलीच्या पेन्शनर वस्तीत अक्षर होते, कारण पलटणीत शाळा होती. आणि घरात धीर होता, कारण दरमहा पेन्शन येत होती. गावकीवर अवलंबून नसलेला तो पहिला पैसा. १९१७ साली उभी केलेली महारांची पलटण गरज सरताच १९२१ साली मोडली गेली. १९४१ साली बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे फौज, पेन्शन आणि कागद यांतून आमच्या स्वाभिमानाची पहिली पिढी घडली. त्या पिढीचे वारस आम्ही. आणि आज आमच्या वस्तीतला हवालदार नकाराचा कागद ट्रंकेत ठेवून गप्प बसतो, हे आम्हाला शोभते का?

दर १ जानेवारीला विजयस्तंभापाशी पुस्तकांची दुकाने लागतात, भोजनदान होते, वैद्यकीय शिबिरे होतात. तिथेच एक टेबल पेन्शनीच्या कागदांचे का लागू नये? चार निवृत्त सुभेदार, दोन वकील, एक हाडांचा डॉक्टर एवढे पुरे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे अर्ज कसा न्यायचा, पहिले अपील सहा महिन्यांच्या आत कसे करायचे, मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे पीठ आहे, तिथे दावा कसा लावायचा, हे सांगणारे कोणीतरी हवे. मोठ्या परिषदेचा ठराव करणे सोपे असते. एका माणसाचा एक कागद शेवटपर्यंत नेणे कठीण असते. पण चळवळीचे बळ त्यातच असते.

नोकरीत असलेल्या आमच्या भावांना आणि मुलांनाही आमचे सांगणे आहे. दुखणे लपवू नका. पाय वळला त्याच दिवशी एमआय रूमच्या वहीत नोंद करून घ्या. जखमेचा अहवाल, आयएएफवाय-२००६ नावाचा फॉर्म, भरला गेला की नाही ते पाहा. चौकशी झाली असेल तर तिची प्रत मागा. एक्स-रे, एमआरआय, इस्पितळातून सुटतानाचा कागद जपून ठेवा आणि एक संच घरी पाठवा. बोर्डापुढे सही करण्याआधी काय लिहिले आहे ते वाचा. कळत नसेल तर विचारा. एनएएनए लिहिले तर कारण काय लिहिले आहे ते पाहा, कारण कारणाशिवायचा नकार न्यायाधिकरणात टिकणे कठीण जाते. आणि उशीर करू नका. दुखण्याला घाई नसते, मुदतीला असते.

सरकारकडे आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. वीस टक्क्यांच्या कुंपणाऐवजी कमी अपंगत्वालाही त्या प्रमाणात भरपाई द्या. अपंगत्वाच्या भरपाईचा किमान दर सर्व हुद्द्यांना सारखा करा. टक्का ठरवताना तो माणूस गावी जाऊन कोणते काम करणार, याचा विचार सक्तीचा करा. बोर्डाने नकार दिला तर सविस्तर कारण आणि कागदांची प्रत त्याला त्याच्या भाषेत द्या. अग्निवीराचे दुखणे चार वर्षांनंतर वर आले तरी त्याच्यासाठी दार उघडे ठेवा. आणि बोर्डाच्या निकालांचा हुद्देवार, समाजवार हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करा, म्हणजे कोणाचा गुडघा किती स्वस्त आहे हे देशाला कळेल.

यात कुठेही भीक नाही. पलटणीत असताना त्याने कधी म्हटले नाही की आज मी एकोणीस टक्केच धावतो. त्याच्याकडून देशाने शंभर टक्के घेतले. परत देताना हिशेब एका टक्क्यावर अडवायचा असेल, तर तो हिशेब तपासून मागण्याचा हक्क त्याला आहे. तो हक्क त्याला एकट्याला बजावता येत नसेल, तर त्याच्या बाजूला उभे राहणे आमचे काम आहे. या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या एका माजी सैनिकाच्या घरी जा आणि त्याचा कागद वाचून पाहा. जयभीम.